पाच रंगांचं वर्ष

मित्रांनो, तुमचं वर्ष कधी सुरू होतं? "हा काय प्रश्न झाला? एक जानेवारीला!" असं तुम्ही पटकन म्हणाल. आजी म्हणेल, गुढीपाडव्याला. कोपऱ्यावरचे दुकानदार काका म्हणतील, दिवाळीच्या पाडव्याला, कारण त्या दिवशी त्यांच्या नव्या वह्या उघडतात. आणि खरं सांगा, तुमचं स्वतःचं वर्ष तर जूनमध्येच सुरू होतं ना? नवं दप्तर, नवी पुस्तकं, कोऱ्या कागदांचा वास!

पण मुंबईहून लोकलनं तास-दीड तासावर असलेल्या वसईत आणखी एक वर्ष नांदतं. ते नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, एका रविवारी सुरू होतं. फटाके नाहीत, मिठाई नाही. एक मेणबत्ती पेटते आणि झालं वर्ष सुरू! हे चर्चचं वर्ष. मराठीत त्याला 'उपासना वर्ष' म्हणतात.

या वर्षाची मला ओळख झाली ती एका तक्रारीमुळे. माझा एक जुना मित्र वसईत राहतो. त्याचा मुलगा तेव्हा सहावीत होता. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना हे चिरंजीव म्हणाले, "काका, दर वर्षी तीच गोष्ट! येशू गोठ्यात जन्मतो, क्रुसावर मरतो, परत उठतो. फादर दर रविवारी प्रवचन करतात. त्यातलं अर्धं मला कळत नाही आणि उरलेलं अर्धं पाठ आहे!"

आम्ही सगळे हसलो. त्याची आजी मात्र हसली नाही. ती ताटावरून उठून आत गेली.

मित्रानं मग मला हळूच सांगितलं, "आईला ते लागतं रे. आमच्या घरात कादोडी बोलतात. म्हणजे आम्हा सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली. पोराची शाळा इंग्रजी. आणि प्रवचन असतं शुद्ध मराठीत. आईला वाटतं, हा मोठा होऊन आपल्या देवळातच परका होईल." (आजी चर्चला देऊळच म्हणते, बरं का!)

मी मुलाला म्हटलं, "चल, आपण एक पैज लावू. एक वर्षभर मी अधूनमधून तुझ्याबरोबर चर्चमध्ये येतो. वर्ष संपल्यावर सांग, गोष्ट खरंच तीच आहे का." त्यानं हात पुढे केला. पैज लागली! तो माझा वाटाड्या झाला. त्याच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर वाटाड्या माझ्यावर रागावेल.

जांभळा : वाट पाहायची

१ डिसेंबर २०२४, रविवार. वसई रोड स्टेशनबाहेर रिक्षांची ही गर्दी! पण पश्चिमेला थोडं आत गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात. मध्येच विड्याच्या पानांची वाडी, एखादी गोल विहीर, फुलझाडांचे वाफे. सुकेळी खाल्ली आहेत का कधी? पिकलेली केळी उन्हात वाळवून करतात. ती इथलीच. हवेत समुद्राचा खारा वास, आणि मग झाडांच्या वर चर्चचं पांढरं शिखर.

आत गेलो. आजी लाल लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती. फादरांनी अंगात जांभळा झगा घातला होता. "आता नाताळपर्यंत हाच रंग," वाटाड्या कुजबुजला. चर्चच्या वर्षात फादरांच्या झग्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. जांभळा म्हणजे तयारीचा आणि पश्चात्तापाचा काळ. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या या काळाला 'आगमनकाळ' म्हणतात.

वेदीजवळ हिरव्या पानांचं एक कडं होतं आणि त्यावर चार मेणबत्त्या. आज एकच पेटवली. पुढच्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. ही युक्ती कुणी काढली, माहीत आहे? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ जवळ आला की मुलं रोज भंडावून सोडत, "नाताळ कधी? नाताळ कधी?" विखर्ननी १८३९ साली एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान लाल मेणबत्ती पेटवायची आणि रविवारी एक मोठी पांढरी. मुलं स्वतःच दिवस मोजू लागली! पुढे ती मेणबत्त्यांची संख्या चारवर आली आणि हे कडं जगभर पोचलं.

मग प्रवचन. फादरांनी मुलांकडे पाहून विचारलं, "केळ लावल्यावर घड कधी उतरतो?"

"वर्षानं!" चारपाच आवाज आले.

"मग वर्षभर तुमचे बाबा काय करतात? खाटेवर बसून घडाची वाट बघतात?"

सगळे हसले. पाणी द्यावं लागतं, पिल्लं काढावी लागतात, खत घालावं लागतं, वाऱ्यानं झाड पडू नये म्हणून टेकू द्यावा लागतो, असं मुलं सांगू लागली. फादर म्हणाले, "हीच आगमनकाळाची वाट पाहणी. हात बांधून नाही, हात चालवून." आणि त्यांनी प्रवचन संपवलं.

मी वाटाड्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. "हे कळलं," तो म्हणाला. "पण केळीचं होतं म्हणून."

गुलाबी : दोन सदरे

मनात आलं, की फादर प्रवचनाचा विषय स्वतः निवडत असतील. तसं नसतं! कुठल्या रविवारी बायबलमधला कुठला उतारा वाचायचा हे आधीच ठरलेलं असतं. १९६९ पासून कॅथलिक चर्चमध्ये तीन वर्षांचं चक्र चालतं. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं. योहानचं शुभवर्तमान मध्ये मध्ये, विशेषतः ईस्टरच्या सुमारास येतं. म्हणजे आज वसईत जो उतारा वाचला जातो, तोच त्या दिवशी गोव्यात, केरळात, आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्येही! उतारा एक, पण प्रवचन मात्र प्रत्येक गावाचं वेगळं. आमचं वर्ष लूकचं होतं.

१५ डिसेंबरला गेलो, तर फादरांचा झगा चक्क गुलाबी! वर्षातून फक्त दोन रविवारी हा रंग वापरता येतो. जांभळ्या काळात थोडा आनंदाचा शिडकावा म्हणून. त्या दिवशीच्या उताऱ्यात लोक योहान बाप्तिस्ताला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्यानं एकही नसलेल्याला एक द्यावा.

फादरांनी विचारलं, "कपाटात दोनपेक्षा जास्त सदरे कुणाचे आहेत?" सगळे हात वर! पुढे ते काहीच बोलले नाहीत. नुसते शांत उभे राहिले. त्या शांततेत एकेक हात हळूहळू खाली आला. पुढच्या रविवारी चर्चच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग जमला होता. त्यात वाटाड्याचा निळा सदराही होता. "लहान होत होता मला," तो घाईघाईनं म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं!

पांढरा : गोठा आणि किल्ला

नाताळला रंग पांढरा, आनंदाचा. प्रत्येक अंगणात गोठा. भाताचा पेंढा, मातीची गाय, कागदाचे डोंगर. मुलं आठ-दहा दिवस त्यासाठीच खपत होती. गोठ्याच्या या प्रथेमागेही एक प्रवचनच आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसनी डोंगरातल्या एका गुहेत खरा पेंढा पसरला, खरा बैल आणि खरं गाढव आणलं, आणि त्या गव्हाणीजवळ उभं राहून नाताळचं प्रवचन केलं. साध्या लोकांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून!

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वाटाड्या मला वसईच्या किल्ल्यात घेऊन गेला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. किल्ल्यात मोठमोठ्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. बहुतेकांवर छप्पर नाही, आतून वडाची मुळं वाढलेली. त्यांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. चर्चमध्ये वाजणारी घंटा देवळात वाजू लागली आणि तितकीच छान वाजली. घंटेला भाषा लागत नाही! प्रवचनाला मात्र लागते.

ही गोष्ट वसईच्याच एका मुलाला चांगली ठाऊक होती. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात तो या वसईत जन्मला. लहानपणी धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी छान शिकला की पुढे फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंचा दुभाषा झाला. ते बोलत आणि गोन्सालो जपानी लोकांना त्यांच्या भाषेत सांगे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी इथं त्याच्यासह सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. भारतात जन्मलेला तो पहिला संत. वसईजवळच्या गास गावचं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

आणि उलटा प्रवास करणारेही होतेच. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी येशूची कथा दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांत लिहिली. तिचं नाव 'क्रिस्तपुराण'. १६१६ साली ते छापलं गेलं. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून स्टीफन्सनी त्यांना त्याच चालीत कथा दिली.

घरी आल्यावर मी हे आजीला सांगितलं, तर आजी म्हणाली, "आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिन भाषेत होती. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करायचे. आम्ही आपले जपमाळ ओढत बसायचो. पुढे मराठी मिस्सा सुरू झाली. पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकली ना, तेव्हा माझी आई रडली होती." जगभरच्या बिशपांची एक मोठी परिषद १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरली होती. त्या परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषांत होऊ लागली. आजी त्याबद्दलच बोलत होती.

वाटाड्या मान खाली घालून ऐकत होता. आजी रात्री जेवणावरून का उठून गेली होती, हे बहुधा त्याला तेव्हा कळलं.

पुन्हा जांभळा : मोठ्या भावाचा प्रश्न

५ मार्च २०२५. राखेचा बुधवार. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ या दिवशी सुरू होतो. फादरांनी प्रत्येकाच्या डोक्याला राख लावली. ही राख कसली, सांगा पाहू? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या परत आणतात आणि त्या जाळून ही राख करतात. म्हणजे जुन्या वर्षाच्या उत्सवातून नव्या वर्षाचा उपवास!

३० मार्चला परत गुलाबी झगा, आणि उतारा उधळ्या मुलाचा. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, पैसे उधळतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मोठी मेजवानी देतो. शेतावरून आलेला मोठा भाऊ गाण्याचा आवाज ऐकतो आणि रुसून बाहेरच उभा राहतो.

त्या दिवशी मुलांसाठी वेगळी मिस्सा होती. अशा मिस्सेत प्रवचन प्रश्नोत्तरांचं असलं तरी चालतं. रोमहून १९७३ साली तशी मार्गदर्शिकाच निघाली आहे. फादर खाली उतरून मुलांच्या बाकांमध्ये आले. "या गोष्टीत तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

कुणी म्हणालं, धाकटा. कुणी म्हणालं, बाप. एक चिमुरडी म्हणाली, "मी मेजवानीतली पाहुणी!" आणि मग माझ्या शेजारचा वाटाड्या अचानक उभा राहिला. घरात त्याची धाकटी बहीण आहे, हे मी तुम्हांला सांगितलं नाही वाटतं!

"मी मोठा भाऊ," तो म्हणाला. "आणि फादर, मोठ्या भावाचं काही चूक नाही. तो रोज काम करायचा. त्याला कुणी साधं बकरंसुद्धा दिलं नाही."

मी जरा घाबरलो. फादर रागावतील असं वाटलं. पण ते त्याच्या बाकाशी येऊन थांबले. "बरोबर बोललास," ते म्हणाले. "त्याला दुखलं होतं. म्हणून तर बाप मेजवानी सोडून त्याला समजवायला बाहेर आला. आता मला सांग, मोठा भाऊ मग आत गेला का?"

वाटाड्या विचारात पडला. "ते... ते सांगितलेलं नाही."

"नाहीच सांगितलेलं! येशूनं गोष्ट तिथंच थांबवली. बाप आणि मोठा भाऊ दाराबाहेर उभे आहेत. दोन हजार वर्षं उभे आहेत. शेवट मोठ्या भावांनी करायचा आहे."

त्या दिवशी घरी जाताना वाटाड्या एक शब्द बोलला नाही. गोष्टीला शेवटच नाही, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

लाल : आपापली भाषा

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली मात्र तो थेट २० एप्रिलला. चर्चच्या कोष्टकातली पौर्णिमा १३ एप्रिलला रविवारीच पडली होती, म्हणून एक आठवडा पुढे!

त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी एक गंमत अनुभवली. मिस्सेत घंटा घणघणली आणि मग गप्प झाली ती शनिवारच्या रात्रीपर्यंत. मधल्या वेळात लाकडी खटखट्यावर काम चालतं. शुक्रवारी, येशूच्या मृत्यूच्या दिवशी, वेदीवर कापडही नव्हतं. मेणबत्ती नाही, फूल नाही. मला वाटलं, वर्षातलं सगळ्यात मोठं प्रवचन हेच, शब्दांशिवाय केलेलं. मग शनिवारी रात्री अंधारात शेकोटी पेटली, तिच्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवली, आणि त्या एका ज्योतीवरून शेकडो ज्योती. आणि घंटा!

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याचा सण. ८ जून २०२५. रंग लाल, अग्नीचा. त्या दिवशीचं वाचन असं : येशूचे घाबरलेले शिष्य एका घरात बसले आहेत. अचानक वाऱ्यासारखा आवाज होतो, अग्नीच्या जिभांसारखं काही त्यांच्यावर उतरतं आणि ते बाहेर पडून बोलू लागतात. यरुशलेमच्या रस्त्यावर निरनिराळ्या देशांचे लोक जमलेले. प्रत्येक जण चकित होतो, कारण प्रत्येकाला ते आपल्याच भाषेत ऐकू येतं.

फादर प्रवचनाला उभे राहिले. दोन वाक्यं प्रमाण मराठीत बोलले. मग थांबले, आणि तिसरं वाक्य कादोडीत! बाकांमधून एक लाट गेल्यासारखी झाली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण मुलांच्या माना कशा वर झाल्या ते दिसलं. वाटाड्या तर पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसला. ज्या भाषेत आई जेवायला हाक मारते, त्या भाषेत वेदीवरून कुणी बोलतंय!

नंतर अंगणात मी फादरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "घरची भाषा ही दार आहे. मुलाला आधी दारातून आत तर येऊ दे. मग पुढच्या खोलीत मराठी आहे, त्याच्या पुढे इंग्रजी आहे. पण दारच बंद केलं, तर सगळं घर बंद."

त्याच दिवशी आजीनं कपाटातून 'सुबोध बायबल' काढून नातवाच्या हातात दिलं. नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेला हा बायबलचा सोप्या मराठीतला अनुवाद. दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. "रोज पाच ओळी मला वाचून दाखवायच्या," आजीनं फर्मान काढलं. "माझे डोळे आता अधू झालेत." डोळे खरंच अधू झाले होते की काय, देव जाणे!

हिरवा : शेजारी कोण?

पेंटेकॉस्टनंतर सुरू होतो 'सामान्यकाळ'. वर्षातला सगळ्यात लांब काळ. रंग हिरवा, वाढीचा. आणि वसईत बाहेर पावसानं सगळं हिरवंगार! १३ जुलैला भिजत भिजत पोचलो. उतारा होता दयाळू शोमरोन्याचा. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या ओसाड रस्त्यावर एका माणसाला लुटारू मारून टाकून देतात. एक याजक बाजूनं निघून जातो, एक लेवीही निघून जातो. थांबतो तो शोमरोनी. यहुदी लोकांचं ज्यांच्याशी पटत नसे, त्यांच्यातला!

फादरांनी तो रस्ता वसईत आणला. "स्टेशनहून गावाकडे येताना एक स्कूटरवाला खड्ड्यात पडलाय. पाऊस कोसळतोय. चर्चमध्ये निघालेला एक जण पुढे गेला, दुसराही गेला. तिसरा थांबला. कोण असेल तो?"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ज्यांच्याशी आमचं विहिरीवरून भांडण आहे, ते काका."

चर्चमध्ये अगदी टाचणी पडेल अशी शांतता! दोन बाकं सोडून बसलेल्या एका गृहस्थांनी खाली पाहिलं. फादर एवढंच म्हणाले, "मग तुला गोष्ट कळली." आणि प्रवचन संपलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

विहिरीच्या भांडणाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पण मिस्सेनंतर ते गृहस्थ त्या मुलीच्या वडिलांना आपल्या छत्रीतून फाटकापर्यंत घेऊन जाताना मी पाहिले.

वर्ष फिरून येतं

२ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. चर्चमागच्या दफनभूमीत प्रत्येक कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. आजी आजोबांच्या कबरीपाशी बसली होती. वाटाड्यानं वाकून दगडावरची मराठी अक्षरं वाचली. अडखळला, थांबला, परत वाचली, आणि शेवटपर्यंत नेली. जन्मसाल, मृत्यूसाल आणि खाली एक प्रार्थनेची ओळ. आजीनं त्याचा हात धरून ठेवला. कुणी काही बोललं नाही.

२३ नोव्हेंबर २०२५ ला ख्रिस्तराजाचा सण झाला आणि चर्चचं वर्ष संपलं. लगेच पुढच्या रविवारी, ३० तारखेला, परत जांभळा झगा, परत हिरवं कडं, परत एक मेणबत्ती. या वेळी ती पेटवायला मुलांमधून आमच्या वाटाड्याला बोलावलं होतं! हात जरा थरथरत होता, पण ज्योत नीट लागली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय राजे, पैजेचं काय? तीच गोष्ट ना?"

"गोष्ट तीच आहे," तो म्हणाला. मग थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिला. "पण काका, गेल्या वर्षी मी लहान होतो ना."

मी खिशात हात घातला, कारण पैजेवर चॉकलेट लागलं होतं. कोण जिंकलं ते ठरेना, म्हणून आम्ही ते अर्धं अर्धं खाल्लं.

मित्रांनो, तुमच्या घरीही हे होतच असेल. श्रावणात आजी दर वर्षी त्याच कहाण्या सांगते. रमजानमध्ये, पर्युषणात, बुद्धपौर्णिमेला त्याच कथा परत ऐकू येतात. पुढच्या वेळी "ही तर माहीत आहे!" असं म्हणण्याआधी जरा थांबा. कथा गेल्या वर्षीचीच असेल, पण ऐकणारे तुम्ही गेल्या वर्षीचे नाही. आणि तुमच्या घरी घरची वेगळी बोली असेल, तर त्यातलीच एखादी गोष्ट आजीकडून मागून घ्या.

निघताना वाटाड्या मला रिक्षापर्यंत सोडायला आला. बोटांवर काहीतरी मोजत होता.

"काका, आता मत्तय, मग मार्क, मग परत लूक. म्हणजे ती दोन भावांची गोष्ट २०२८ मध्ये येणार. तेव्हा मी नववीत असेन."

"मग?"

"मग काही नाही. मोठा भाऊ आत जातो की नाही, ते ठरवायला माझ्याकडे अजून वेळ आहे."

रिक्षा सुरू झाली. मागे वळून पाहिलं, तर त्याची धाकटी बहीण त्याच्या मागे धावत येत होती, आणि तो तिच्यासाठी थांबला होता.